मदत हवी आहे : मेंबरशिपमधली फ्री डिलिव्हरी पुढंही राहील का? वर्षाचे पैसे भरावेत की नाही?

आरीवाली_ताई

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका खेड्यात शिलाईकाम करते. साधे ब्लाउज, फॉल-पिको आणि गेल्या काही वर्षांपासून आरी वर्क, म्हणजे आकडीच्या सुईनं केलेलं भरतकाम. ऑनलाइन खरेदीच्या एका मोठ्या कंपनीची वर्षाची मेंबरशिप माझ्याकडं आहे. ती या महिन्यात संपायली आहे आणि पुन्हा पैसे भरायचे का, यावर माझं काही केल्या ठरत नाही.

माझी ऑर्डर कधीच मोठी नसते. गिऱ्हाईक साडी घेऊन येतं, काठ-पदर बघितल्यावर रंग ठरतो आणि मग कळतं की नेमका कोणता रेशमी धागा, कोणता कटदाणा, कसली लटकन लागणार आहे. आधीच सामान भरून ठेवावं तर पैसा अडकतो आणि नेमका हवा तो रंग त्यात नसतोच. म्हणून एक रीळ, एक मण्यांची पुडी असं मागवते. दीडशे रुपयांच्या आतलं सामान, क्वचित दोनशेचं. त्यावर चाळीस रुपये डिलिव्हरी लागली तर ती गिऱ्हाइकाकडून मागता येत नाही. शिलाईचा दर एकदा ठरला की ठरला.

सोनेरी, पांढरा, लाल धागा अंबाजोगाईच्या मंडी बाजारात मिळतो. पण पैठणीच्या मोरपंखी पदराला जुळणारी छटा पाहिजे असेल तर लातूर गाठावं लागतं. गंजगोलाईत फिरलं की बहुतेक सामान मिळतं. एसटीला आम्हाला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळं भाड्याचं एवढं काही नाही, पण सगळा दिवस जातो. लग्नसराईत एक दिवस गेला की त्या दिवशी द्यायचे ब्लाउज राहतात आणि नवरीच्या घरून फोनवर फोन सुरू होतात.

मेंबरशिपमधले सिनेमे आमच्याकडं कुणी बघत नाही. ‘उद्या घरपोच’ आमच्या पिनकोडला लागू नाही, चार-पाच दिवस लागतातच. डिलिव्हरीवाला पोरगा फाट्यावरून फोन करतो, मग घरातलं कुणीतरी गाडीवर जाऊन पुडी घेऊन येतं. त्याच्यावर माझा राग नाही, एका पुडीसाठी आत यायला त्याला परवडत नसेल. सांगायचं एवढंच की मी पैसे भरते ते एकाच गोष्टीसाठी, लहान ऑर्डरला डिलिव्हरी लागू नये म्हणून.

आणि त्याच गोष्टीत आता फरक पडायला लागलाय. मेंबर असूनही काही वस्तूंना वेगळी डिलिव्हरी दाखवतात. पैसे भरायच्या पानावर खाली बारीक अक्षरात आणखी एक रक्कम मिळवलेली असते. मग मी वर्षाचे पैसे एकदम भरले आणि मधेच त्यांनी अट घातली, की अमुक रुपयांच्या वरच फ्री, तर मी काय करायचं? ही सोय टिकणार आहे का? जाणकारांनी सांगावं. आमच्या बचत गटातल्या आणखी चौघी शिलाई करतात, त्याही मलाच विचारायलेत, म्हणून पक्की माहिती पाहिजे.

मांजराकाठ

ताई, सरळ बंद करा. घरी बसून मागवायची सवय लागली की नको ते पण मागवलं जातं. आमच्या घरी हेच झालं.

आरीवाली_ताई

दादा, घरखर्चाचं सामान मी मागवतच नाही. हा माझा धंद्याचा माल आहे. सल्ल्याबद्दल आभार.

हिशेबाची_वही

ताई, कंपनीचं नाव तुम्ही दिलेलं नाही, पण सगळ्यांची चाल साधारण एकसारखी आहे. आजवर काय होत आलंय ते बघा म्हणजे पुढचा अंदाज येईल.

अमेरिकेत अ‍ॅमेझॉनची मेंबरशिप, म्हणजे प्राइम, २००५ साली सुरू झाली तेव्हा वर्षाला ७९ डॉलर होते. २०१४ मध्ये ९९ झाले, २०१८ मध्ये ११९ आणि २०२२ मध्ये १३९. एवढ्या वर्षांत फ्री शिपिंग काढून घेतलं नाही, किंमत वाढवत नेली. आपल्याकडं प्राइम जुलै २०१६ मध्ये आलं, सुरुवातीला ४९९ रुपये. मग ९९९ झाले आणि डिसेंबर २०२१ पासून १४९९. फ्लिपकार्टनं दुसरा रस्ता धरला. २०१४ मध्ये ५०० रुपये वर्षाची ‘फर्स्ट’ आणली, ती गुंडाळली. ऑगस्ट २०१८ मध्ये पैसे न घेता, खरेदीवर मिळणाऱ्या कॉइनवर चालणारी ‘प्लस’ आली. २०२३ मध्ये पुन्हा पैसे घेऊन ‘व्हीआयपी’. म्हणजे एकीकडं सोय राहिली आणि दर चढला, दुसरीकडं योजनाच बदलत गेली.

कारण काय, तर शेवटचा टप्पा. सुरतहून तुमचं रीळ ट्रकनं मोठ्या गोदामापर्यंत येतं तेव्हा त्याच्या वाट्याला फार खर्च येत नाही, कारण त्या ट्रकमध्ये हजारो पुड्या असतात. खर्च वाढतो तालुक्यापासून तुमच्या फाट्यापर्यंत. पुण्यात एक पोरगा एका सोसायटीत दहा-पंधरा पुड्या देऊन खाली उतरतो. आपल्याकडं तेवढ्याच पेट्रोलमध्ये एक किंवा दोन. अ‍ॅमेझॉनचा जगभरातला शिपिंगचा खर्च २०२३ साली ९० अब्ज डॉलरच्या आसपास होता. तो मेंबरशिपच्या पैशातून भागत नाही. विक्रेत्याकडून घेतलेलं कमिशन, त्याच्याकडून वजनाप्रमाणं घेतलेला आकार, अ‍ॅपवरच्या जाहिराती, असं सगळीकडून गोळा करतात.

म्हणून माझं मत असं : मेंबरला फ्री डिलिव्हरी हे कंपन्या एकदम बंद करणार नाहीत. त्याच्यामुळंच माणूस दुसरीकडं भाव बघत नाही. पण कडेकडेनं कातरतील. कातरायला सुरुवातही झाली आहे. जून २०२५ पासून अ‍ॅमेझॉन प्रत्येक ऑर्डरला ५ रुपये मार्केटप्लेस फी घेतं, प्राइमवाल्यांकडूनही. त्याच महिन्यात प्राइमच्या सिनेमांमध्ये जाहिराती आल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला ६९९ वेगळे. आधी एकाच पैशात मिळायचं ते आता तुकडे करून विकायलेत. तुमची भीती काही उगाच नाही.

पण या तुकडे करण्यात तुमच्यासारखीचा फायदाही आहे. सिनेमे नकोत, फक्त खरेदी पाहिजे, अशांसाठी प्राइमचाच ३९९ रुपयांचा शॉपिंग एडिशन आहे. डिलिव्हरी ४० रुपये धरली तर ३९९ दहा ऑर्डरींत वसूल होतात. १४९९ वसूल व्हायला ३८ ऑर्डरी लागतात. महिन्याला दोन पुड्या मागवणाऱ्या बाईनं १४९९ भरले तर वर्षाला डिलिव्हरीचे ९६० रुपये वाचतात, म्हणजे पाचशेच्या वर अंगावर पडतात. गटातल्या चौघींना सरसकट एकच सल्ला देऊ नका. जिचं काम जास्त तिचा हिशेब वेगळा.

परभणीची_सुई

ताई, मी पण आरीच करते. मेंबर असूनही काही वस्तूंना डिलिव्हरी लावतात म्हणालात ना, त्याचं कारण असं की माल कंपनीच्या गोदामातून येतो का विक्रेता स्वतः पाठवतो, हे आधी बघावं लागतं. मेंबरशिपचं चिन्ह ज्या वस्तूवर आहे तिलाच सवलत. मणी, लटकन, जरदोसी विकणारे बरेच लहान व्यापारी स्वतःच माल पाठवतात, त्यांचा दर त्यांनी ठरवलेला असतो. आपलं सामान नेमकं याच व्यापाऱ्यांकडं जास्त असतं.

दुसरं, तुम्ही पाचजणी आहात तर एकत्र मागवा. मेंबर नसलं तरी ठरावीक रकमेच्या वर डिलिव्हरी लागत नाही, बऱ्याच ठिकाणी ती ४९९ आहे. पाचजणींची मिळून आठवड्याला एक यादी केली तर एवढी रक्कम सहज होते. आम्ही गटाच्या बैठकीच्या दिवशीच यादी करतो. माल एकीच्या घरी येतो, तिथंच वाटणी, तिथंच पैसे. पहिल्यांदा थोडी कुरबुर होते, माझा धागा आधी का मागवला नाही म्हणून, मग बसतं.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. रेशमी धाग्याचं शेड कार्ड एकदा विकत घ्या. खऱ्या धाग्याचे तुकडे चिकटवलेलं असतं आणि प्रत्येकाखाली नंबर. पदरावर धरून बघायचं, दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नाही. मोबाइलवरच्या फोटोत मोरपंखी हमखास निळा दिसतो आणि हातात येतो तेव्हा हिरवा निघतो. नंबर कळला की अ‍ॅपची गरजच राहत नाही, व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर पाठवायचा. तो स्पीड पोस्टनं टाकतो. दर किती पडतो ते आधी पोस्टात विचारून घ्या. तुमच्या चाळीसपेक्षा जास्तही पडेल, पण पोस्टमन घरापर्यंत येतो, फाट्यावर जावं लागत नाही. आणि चार रिळं एकदम घेतली की पोस्टाचा खर्च रिळामागं बराच उतरतो.

औशाचा_दुकानदार

माझं औशात शिलाई साहित्याचं दुकान आहे, म्हणून राहवत नाही. डिलिव्हरीचा खर्च कुणाच्या तरी खिशातून जातोच. मीशो या खरेदीच्या अ‍ॅपला तर मेंबरशिपही नाही आणि बहुतेक मालाला वेगळी डिलिव्हरीही नाही, कारण ती वस्तूच्या किमतीत आधीच धरलेली असते. तेच रीळ, तीच कंपनी, माझ्याकडचा भाव आणि अ‍ॅपवरचा भाव एकदा शेजारी ठेवून बघा. डिलिव्हरी शून्य दिसते तिथं रीळ महाग असतं, हे मी रोज बघतो. तालुक्याच्या दुकानदाराला आधी सांगितलं तर आम्ही पण आणून देतो. माझी दर आठवड्याला लातूरची खेप असते.

आरीवाली_ताई

भाऊ, तुमचं म्हणणं पटतं आणि भाव मी नक्की ताडून बघीन. पण आमच्याकडचे दुकानदार एक रीळ आणत नाहीत, अख्खा बॉक्स घ्या म्हणतात. बॉक्समधली बाकीची रिळं माझ्याकडं धूळ खात पडतात. दुकानदार लोकांनी एक-एक रीळ नंबरनुसार आणून द्यायला सुरुवात केली तर आमच्यासारख्या कितीतरी बायका परत दुकानात येतील, हे मनापासून सांगते.

औशाचा_दुकानदार

बरोबर आहे ताई. ठोकवाला आम्हाला बॉक्स फोडून देत नाही ही आमची अडचण आहे. पण चार-पाच बायकांनी मिळून वेगवेगळे नंबर दिले तर मिसळ बॉक्स मागता येतो. मी विचारतो.

ग्राहक_जागा_आहे

ताईंचा मूळ प्रश्न होता की वर्षाचे पैसे भरल्यावर मधेच अट बदलली तर काय. तुम्ही वर्षाचे पैसे भरता तेव्हा किंमत वर्षभर बांधली जाते, सवलत बांधली जात नाही. बहुतेक योजनांच्या अटींमध्ये सुविधा बदलण्याचा हक्क कंपनीनं स्वतःकडं ठेवलेला असतो. त्यामुळं दर वाढायची भीती असेल तर वर्षाचं घेणं फायद्याचं, सवलत कापली जायची भीती असेल तर कमी पैशाचं किंवा कमी मुदतीचं घेणं सुरक्षित. तुमची भीती दुसऱ्या प्रकारची आहे.

आधी ऑटोपे बंद करा, मग विचार करत बसा. मेंबरशिप संपली की पैसे आपोआप कापले जातात. यूपीआयवर असेल तर पेमेंट अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या जागी जाऊन रद्द करता येतं. कार्डावर असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला पाहिजे, तो मेसेज वाचायचा, पुसून टाकायचा नाही.

पैसे भरायच्या शेवटच्या पानावर अचानक रक्कम वाढते त्याबद्दल : केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवायच्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. आधी कमी किंमत दाखवून शेवटी वाढवणं, मेंबरशिप बंद करायची वाट लपवून ठेवणं, न विचारता टोपलीत काहीतरी घालणं, या सगळ्याला त्यात मनाई आहे. फी आधीपासून उघड लिहिलेली असेल तर तक्रार टिकत नाही. पण वस्तूच्या पानावर एक आणि शेवटच्या पानावर दुसरं असेल तर दोन्हींचे स्क्रीनशॉट काढा आणि १९१५ ला फोन करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं.

आरीवाली_ताई

सगळ्यांचे खूप खूप आभार. एवढं नीट कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

ऑटोपे आत्ताच बंद केलं. जुन्या ऑर्डरी काढून बघितल्या. तुळशीच्या लग्नानंतर ते जेठापर्यंत ऑर्डरी भरपूर आहेत, आषाढापासून दिवाळीच्या आधीपर्यंत फारच थोड्या. त्यात निम्म्याच्या आसपास मालावर मेंबरशिपचं चिन्ह नव्हतंच, म्हणजे तिथं मला सवलत मिळालेलीच नाही. त्यामुळं मोठी मेंबरशिप आता घेत नाही. खरेदीपुरती स्वस्तातली एखादी असेल तर लग्नसराईच्या तोंडावर बघीन, तोपर्यंत गटाची यादी आणि शेड कार्ड.

परभणीच्या ताई, एक विचारायचं राहिलं. शेड कार्ड रेशमी धाग्याचं घ्यायचं की जरीचं वेगळं असतं? आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे नंबर एकमेकांना जुळतात का?

परभणीची_सुई

जरीचं वेगळं असतं, पण त्यात छटा थोड्याच असतात, ते नाही घेतलं तरी चालतं. रेशमीचं घ्या. नंबर जुळत नाहीत ताई, प्रत्येक कंपनीचा आपापला. म्हणून पाचजणींनी मिळून आधी एकच कंपनी ठरवा, मग कार्ड घ्या. आणि कार्ड उन्हात ठेवू नका, रंग उडाला की सगळे नंबर चुकतात.