मुका मार

ए-१०२: ताई, स्कूटरच्या धडकेने सायकलवरून पडलात, त्या हाताचा पट्टा निघाला म्हणे आज. फार बरं वाटलं. सायकल कधीपासून?

बी-४०३: काका, सायकल इतक्यात नाही. सहा आठवडे झाले. एक्स-रेमध्ये गळपट्टीचं हाड सांधत आलेलं दिसतंय, पण पुन्हा पडण्याचा धोका पत्करायला डॉक्टरांनी तीन महिने पूर्ण होऊ द्या म्हणून सांगितलंय. हाड जुळलं तरी खांदा पार आखडलाय. आज आरशासमोर उभी राहिले, केस विंचरायला हात वर नेला, तर तो कानाच्या पुढे जाईना. रडू आलं खरं.

सी-६०१: ताई, मी फिजिओ म्हणून सांगते, पट्टा निघाल्यावर असं होतंच. दुखऱ्या हाताने जोर लावू नका. टेबलाला दुसऱ्या हाताने टेकून पुढे वाका, दुखरा हात सैल सोडा आणि लंबकासारखा हळू हलू द्या. दिवसातून तीन-चार वेळा, थोडा थोडा. ओढल्यासारखं वाटलं तर चालेल, पण कळ आली की थांबायचं. पुढचे व्यायाम तपासल्यावरच ठरवू.

ए-१०२: तुमचे हे हाल आणि तो स्कूटरवाला पोरगा मात्र ठणठणीत! त्याच वेळी उठून स्कूटर उचलून चालायला लागला. इलेक्ट्रिक गाडी, आवाज नाही, काही नाही, मागून येऊन धडकते.

बी-४०३: काका, हे मला आज लिहायचंच होतं. तो ठणठणीत नव्हता. माझं हाड मोडलेलं सगळ्यांना दिसलं, म्हणून सगळे भेटायला आलात. त्याला कुणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही. पंधरा दिवसांनी तो लिफ्टमध्ये भेटला. उजव्या हाताचा असून बटण डाव्या हाताने दाबत होता. विचारलं तर म्हणाला, मनगट मुरगळलंय, एक्स-रे काढला होता, काही निघालं नाही. अंगठ्याच्या मुळाशी खळगा असतो ना, तिथे दाबून बघ म्हटलं, तर कळवळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा तिथल्या छोट्या हाडात चीर दिसली. हात टेकून पडलं की ते हाड मोडू शकतं. पहिल्या एक्स-रेमध्ये ते बरेचदा दिसत नाही, म्हणून दुखत राहिलं तर दहा-चौदा दिवसांनी परत काढायचा असतो. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते भरतंही सावकाश. माझा पट्टा सुटला, त्याचं प्लास्टर अजून हातात आहे.

आणि दोष एकट्याचा नाही. उतारावरून वळताना मी मागे पाहिलं नाही, हातही दाखवला नाही.

डी-३०४: ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मीही लिहिते. माझ्या पोराचं मनगटापेक्षा डोक्याचं जास्त झालं. हेल्मेट होतं, जखम नव्हती, म्हणून आम्ही निश्चिंत. तिसऱ्या दिवशी कामावर जाऊन दिवसभर स्क्रीनसमोर बसला. मग डोकेदुखी, उजेड सहन न होणं, एकच ओळ तीनदा वाचणं. मला वाटलं आळस करतोय. दोन-चार वेळा बोलले त्याला. त्याचं फार वाईट वाटतं.

सी-६०१: काकू, स्वतःला दोष देऊ नका. मेंदूला बसलेला हिसका बाहेरून दिसत नाही आणि त्रास कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो. पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, मग हळूहळू कामं वाढवायची. महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहणंही बरोबर नाही. बहुतेकांना काही आठवड्यांत बरं वाटतं, काहींना जास्त वेळ लागतो. पण डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी वाढत गेली, परत परत उलटी झाली, झोपेतून उठवणं जड गेलं, बोलणं अडखळलं किंवा झटका आला, तर वाट न बघता तडक हॉस्पिटलमध्ये न्यायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी किरकोळ आपटलं तरी दाखवून यावं. काका, हे तुमच्यासाठी.

ए-१०२: हो, माझ्या गोळ्या चालू आहेत. लक्षात ठेवतो. पोराबद्दल मी भलतंच बोललो, माफ करा.

बी-१०१: ती स्कूटर अजून पार्किंगमध्येच आहे. चार्जिंगला लावत नाही ना कुणी? धडकेत बॅटरीला आतून मार बसला असेल तर ती नंतरही पेट घेऊ शकते.

डी-३०४: नाही लावलेली. उद्याच मेकॅनिकला दाखवते.

बी-४०३: हेल्मेटही नवीन घ्या. एकदा आपटलं की आतला फोम दबतो, बाहेरून चांगलं दिसलं तरी. माझं मी काढून टाकलं.

डी-३०४: ताई, तो इथेच बसलाय, लिहायचं म्हणतोय. (प्लास्टर आहे, म्हणून मीच टाइप करते.) "काकू, मला रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. पण एकटं खाली उतरलं की तो उतार दिसतो आणि छातीत धडधडतं. उद्या तुम्ही याल?"

बी-४०३: येते रे बाळा. मलाही तिथे पोचलं की तसंच होतं. सहा वाजता लिफ्टपाशी थांब. उतार उद्या नको, आधी बागेच्या बाजूने जाऊ.