कट नसेल, पण सबबही नाही

'वस्तू मुद्दाम अल्पायुषी बनवतात हा निव्वळ कटाचा सिद्धांत, लोकांनाच स्वस्त हवं असतं' हे नेहमी ऐकू येणारं म्हणणं अर्धंच पटतं. निदान एकदा तरी कट झाला होता: १९२४ चं फीबस कार्टेल, म्हणजे बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांचं संगनमत. बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणायचं ठरलं आणि त्याहून जास्त टिकणारे बल्ब विकणाऱ्या सदस्य कंपनीला दंड. पण त्यांच्याकडे एक सबब तरी होती. त्या जुन्या बल्बातली टंगस्टनची तार टिकवायची तर ती कमी तापवावी लागते, आणि मग तेवढ्याच विजेत उजेड कमी मिळतो.

एलईडीत ही ओढाताणच नाही. करंट कमी केला की उजेड देणारी चिप थंड राहते, जास्त टिकते, शिवाय दर वॅटमागे उजेडही वाढतो. तरी स्वस्त बल्बात मोजक्याच चिप्स भरमसाट करंटवर पळवतात. त्या एकापुढे एक जोडलेल्या, त्यामुळे एक उडाली की अख्खा बल्ब अंधारात. ड्रायव्हरमधला (चिप्सना वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, उष्णतेनं सुकतो. तापमान १० अंश वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं. बऱ्याच बल्बांत करंट ठरवणारे दोन रेझिस्टर समांतर असतात. एक काढला की करंट घटतो, उजेड कमी होतो आणि तोच बल्ब कितीतरी जास्त टिकतो. (सर्किट थेट मेन्सवर असतं, नवख्यांनी हात घालू नये.) म्हणजे दुष्ट हेतू शोधायची गरजच नाही, दुकानात ल्युमेन, म्हणजे उजेडाचा आकडा, विकला जातो एवढं पुरतं. खोक्यावरचे '२५,००० तास'सुद्धा बऱ्याचदा चिपचे असतात, ड्रायव्हरचे नव्हेत.