गायकाच्या मनातला भाव श्रोत्यापर्यंत जातो का?

धरमपेठ_श्रोता
नागपूरच्या वसंतराव देशपांडे सभागृहातून मैफल ऐकून बाहेर पडताना एक वाक्य हमखास कानावर येतं, "काय जीव ओतून गायली हो! तिच्या मनातलं थेट आपल्या मनात उतरलं." मला हे पटत नाही. गायक भाव देत नाही, स्वर देतो. भाव जागा होतो तो ऐकणाऱ्यात.

मारवा, पूरिया आणि सोहनी हे राग घ्या. तिघांचे स्वर तेच: रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) वर्ज्य. पण मारव्यात मुक्काम रिषभ-धैवतावर (रे-ध) आणि षड्जाला, म्हणजे 'सा'ला, सतत हुलकावणी, म्हणून ती तिन्हीसांजेची हुरहुर. पूरिया गंधार-निषाद (ग-नी) धरून मंद्रात, खालच्या सप्तकात, रमतो आणि गंभीर होतो. सोहनी वरच्या, तार सप्तकात झेपावते. हा फरक रागाच्या बांधणीत आहे. गायिकेच्या घरी त्या दिवशी बारसं असलं तरी मारवा हुरहुरच लावणार. व्हिएन्नाचा समीक्षक हान्सलिक यानं 1854 साली असंच मांडलं होतं, की संगीताचा आशय म्हणजे नादांच्या हलत्या आकृती, भावना नव्हे. आपल्याकडे काश्मीरचा रसमीमांसक अभिनवगुप्त यानंही रस नटात नाही, सहृदय प्रेक्षकात मानला.

महाल_तंबोरा
साफ नामंजूर. बांधणीच सगळं करत असेल तर एकच बंदिश दोघांनी गायली की एकाची पोचते आणि दुसऱ्याची कोरडी जाते, हे का?

तुमचाच मारवा घेऊ. पंचम नाही म्हणून तंबोऱ्याची पहिली तार निषादावर किंवा धैवतावर लावतात. जोडीच्या तारा मात्र षड्ज बोलतच असतात. त्या षड्जाला घासून गायक कोमल रिषभ लावतो. तो किती उतरता ठेवायचा, आवाज कुठे बारीक करायचा, षड्जावर यायच्या आधी श्वास किती रोखायचा, हे कुठल्याही पुस्तकात नाही. ते त्या गळ्याचं असतं. ज्यांच्या नावाचं हे सभागृह, त्या गायक वसंतरावांचं पहिलं शिक्षण याच नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झालं, आणि त्यांचा मारवा ऐकलेला माणूस तो दुसऱ्या कुणाचा समजणार नाही.

युस्लिन आणि लाउक्का या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये बोलण्यातल्या आणि वादनातल्या भावनांवरचं बरंच संशोधन एकत्र तपासलं. दुःखी माणूस संथ आणि हळू आवाजात बोलतो, वादकही दुःख दाखवताना तेच करतो. राग आला की दोन्हीकडे वेग आणि जोर वाढतो. म्हणजे गळ्यातून काहीतरी निघतं आणि कानाला ते कळतं.

धरमपेठ_श्रोता
निघतात त्या खुणा. त्या रियाजानं कमावता येतात. क्लासमधल्या बारा वर्षांच्या मुलीला गुरुजी तीच मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घोटून घोटून शिकवतात. तिनं विरह कुठे पाहिलाय? तरी समोरच्या बाईंचे डोळे भरून येतात. मग पोचलं ते कुणाचं दुःख? शिवाय हे उदास आहे हे ओळखणं वेगळं आणि स्वतः उदास होणं वेगळं. तुमचं संशोधन फार तर पहिल्यापर्यंत नेतं.

खंजिरी_मंडळ
तुम्ही सारे तिकीट काढून बसलेल्या माणसाचं बोलून राह्यले. आमच्या भजनाले या एकदा. तुकडोजी महाराजांची खंजिरी वाजाले लागली का ऐकणारा कोण अन् गाणारा कोण, काई पत्ता लागत नाही. बुढ्या बायाही टाळ्या धरतेत, ध्रुपद सारेच म्हणतेत. इथून तिथं भाव न्याचाच नाही, तं तो पोचला का नाही हे काऊन विचारता?

इंदोरा_चौक
इथे तिसरंच काही आहे, आणि ते दोन्ही बाजूंना अडचणीचं आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात भीमगीतं लागतात. कितीतरी गाण्यांचा ढंग कव्वालीचा, ठेका जलद, ढोलकी खणखणीत. युस्लिनच्या खुणांनी मोजाल तर उत्तर येईल आनंद. पण वामनदादा कर्डकांच्या ओळीवर परभणीहून रात्रभर प्रवास करून आलेले एक आजोबा पुस्तकांच्या स्टॉलपाशी थांबले होते. हातातली पिशवी खाली ठेवली, मान ठेक्यावर हलत होती आणि गालांवरून पाणी चाललं होतं. पुसतही नव्हते. ते पाणी स्वरांतून आलं नाही, ध्वनिमुद्रणातल्या गायकाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीतूनही नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला या मातीवर काय घडलं, त्याआधी वाडवडलांनी काय सोसलं, ते माहीत असलेल्यालाच ते येतं. बाजूला उभ्या परदेशी पाहुण्याला फक्त ताल मिळतो.

महाल_तंबोरा
तुमच्या उदाहरणापुढे मी वाद घालणार नाही. पण सगळंच आठवणीवर सोडू नका. 1999 साली बाल्कविल आणि थॉम्पसन यांनी हिंदुस्थानी रागांच्या मुद्रणांवर पाश्चात्त्य श्रोत्यांची परीक्षा घेतली. परंपरा त्यांच्या ओळखीची नव्हती, तरी आनंद, दुःख आणि क्रोध कलाकाराला कुठे अभिप्रेत आहे हे त्यांनी पुष्कळ अंशी ओळखलं.

इंदोरा_चौक
आणि शांत भाव? तो त्यांना तसा ओळखता आला नाही. ज्या रसासाठी आपले लोक पहाटेच्या मैफलीला थंडीत जाऊन बसतात, नेमका तोच अडला. तो ऐकून ऐकूनच कानात मुरतो.

धरमपेठ_श्रोता
म्हणजे श्रोत्याच्या तयारीवर आलंच की! मी वेगळं काय म्हणतोय?

महाल_तंबोरा
अंगावर काटा येतो त्याचं काय? 2011 मध्ये माँट्रियलला सालिमपूर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की संगीत ऐकताना असा शहारा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवतं, आणि तो क्षण येणार या अपेक्षेतही स्रवतं. मारव्यातला लांबणीवर टाकलेला षड्ज हा अपेक्षेचाच खेळ आहे. ती अपेक्षा किती ताणायची हे गायक ठरवतो, तुम्ही नाही. क्लासमधल्या मुलीनं मींड उचलली असेल, पण समोरच्या सभेचा श्वास बघून षड्ज अजून एक आवर्तन अडवून धरणं तिला जमणार नाही.

इंदोरा_चौक
त्या प्रयोगात श्रोत्यांनी आपापल्या पसंतीचं संगीत स्वतः निवडून आणलं होतं, हेही सांगा.

खंजिरी_मंडळ
अन् मेंदू तपासाच्या यंत्रात एकट्या माणसाले निजवून पाह्यलं होतं. पन्नास जणांच्या टाळीत काय होते ते त्यात नाही दिसत. येत्या एकादशीले या, तंबोरेवाल्यानंही या. पुढं बसा, खंजिरी हातात देतो.