डोंगर चढायचा तर चढा, त्यासाठी देणगी कशाला?

घाटवाट:
आठवड्यापूर्वी इथे ‘पायवाट’ यांनी लिहिलं की, ते आणि त्यांचा शाळेतला मित्र डिसेंबरात कळसूबाई चढणार. आपण मीटरमागे एक रुपया द्यायचा, म्हणजे माणशी १६४६. पैसे पायथ्याजवळच्या एका पाड्यावर पाण्याची टाकी बांधायला. सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या, मला राहवलं नाही.

१६४६ ही समुद्रसपाटीपासूनची उंची. पायथ्याच्या बारी गावातून चढ साधारण नऊशे मीटरचा. उरलेल्या मीटरचे पैसे कशाचे? आणि मुळात पाड्यावर पाणी नाही एवढं कारण पुरत नाही का? माझे वडील गावच्या शाळेसाठी वही घेऊन उन्हातान्हात दारोदार वर्गणी मागायचे. लोकांनी दोन-दोन रुपये दिले, शाळा उभी राहिली. वडिलांना कुठला डोंगर चढून दाखवावा लागला नाही.

पायवाट:
मार्चमध्ये मी नुसतंच आवाहन केलं होतं. साठ जणांना निरोप धाडले, चौघांनी पैसे दिले. चढाईचं जाहीर केल्यावर आठवड्यात एक्केचाळीस जणांनी दिले. मित्राचा गुडघा अपघातात गेला होता, आत स्क्रू आहेत. सहा महिने त्याला घराचा जिना चढता येत नव्हता. आता रोज पहाटे आम्ही दोघं पर्वतीच्या पायऱ्या चढतो. उतरताना तो अजून माझा खांदा धरतो. लोक त्याच्याकडे बघून देतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. प्रवासखर्च आमचा आम्ही करतोय.

जमाखर्च:
पैसे तुमच्या स्वतःच्या खात्यावर का घेताय? नोंदणीकृत संस्थेमार्फत घ्या, पावती द्या. देणगीवरची आयकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि रोख २००० रुपयांच्या वर दिले तर तीही नाही. आमच्या सोसायटीत गणपतीच्या वर्गणीचा हिशेब तीन वर्षं लागला नव्हता. तेव्हापासून मी पावतीशिवाय कुणाला पैसा देत नाही.

कातळकडा:
टाकीचं जाऊ द्या. शनिवारी रात्री कळसूबाईला काय चालतं ते बघितलंय का कुणी? पहाटे तीनला शिडीखाली तासभर रांगेत उभा होतो. पुढे एकाच्या पाठीवर स्पीकर, मागे कुरकुऱ्यांची पाकिटं कारवीत फेकणारे. अभयारण्य आहे ते! तुमचे एक्केचाळीस देणगीदारही उद्या ‘आम्हीपण येतो’ म्हणतील.

रानवारा:
त्या रांगेत तुम्हीही होतातच ना? गर्दी म्हणजे नेहमी दुसरेच का? आम्हाला एक रविवार मिळतो, डोंगर काही कुणाच्या मालकीचा नाही.

कातळकडा:
मी वीस वर्षं जातोय. दर वेळी पोतंभर कचरा खाली आणतो. तुम्ही किती आणलात ते सांगा, मग मालकीचं बोला.

रानवारा:
वीस वर्षं गेलात म्हणून नव्यांनी परवानगी मागायची का? मूळ विषयावर या. १९८० मध्ये टेरी फॉक्स हा कॅनडाचा तरुण देश ओलांडायला निघाला आणि एका कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला, मित्र डग अल्वर्ड गाडी घेऊन सोबत होता. त्या धावण्यामुळेच लोकांनी कर्करोग संशोधनाला पैसे दिले.

घाटवाट:
टेरीला स्वतःला कर्करोग झाला होता, त्याच रोगासाठी तो धावला. या दोघांच्या घरी नळाला पाणी येतं. फरक आहे.

अकोले तालुक्याची लेक:
शनिवारची गर्दी नको म्हणणाऱ्या दादांनी माझ्या मावशीच्या चुलीपाशी एक रात्र बसावं. बारीत ती ट्रेकर लोकांसाठी पिठलं-भाकरी करते, धाकट्याची फी त्यातून जाते. स्पीकर आणि कचऱ्याबद्दल मात्र तुमचं खरं आहे. त्यांना आमच्या पोरांनीच पायथ्याला अडवायला हवं.

आता पाण्याचं. आमच्याकडे पाऊस धो-धो पडतो, पण खाली सगळा काळा कातळ. मुरत नाही, वाहून जातं. मार्चनंतर झऱ्याला बोटभर धार. आई खड्ड्यात वाटी बुडवून हंडा भरायची, मागे बायकांची रांग. भरल्या हंड्याखाली चुंबळ सरकली की मान लचकायची, तिचा मणका त्यातच गेला. आणि पायवाट दादा, आमच्या पाड्यावर टाकी आहे. एका दात्याने बांधून दिली, नाव कोरलंय. पण पत्र्यांना पन्हळ लावली नाही, मग टाकीत पाणी येणार कुठून? आत सरपण ठेवतात. डोंगर चढा नाहीतर वर्गणी मागा, आधी पाड्यावर येऊन बायकांना विचारा.

रानवारा:
हेच. एव्हरेस्टवीर हिलरींनी १९६१ मध्ये नेपाळातल्या खुमजुंगला शाळा बांधली, ती शेर्पांनी मागितली म्हणून.

पायवाट:
ताई, पन्हळीचा विचार आमच्या अंदाजपत्रकात नव्हता. चुकलंच. या रविवारी दोघं येतो, चढायला नाही. बायका सांगतील ते आधी करू. पैसे पाड्याच्या बचत गटाच्या खात्यावर घेता येतील का, तेही विचारतो.

जमाखर्च:
गटाचा ठराव घ्या आणि त्याची प्रत इथे टाका.

घाटवाट:
चढाईवर पैसे मागणं मला अजूनही पटलेलं नाही. पण साठातले चौघे हा आकडा खरा असेल, तर माझे वडील आज वही घेऊन निघाले असते तर त्यांनाही रिकाम्या हाती परतावं लागलं असतं. हे लिहितानाही त्रास होतोय. माझे नऊशे घ्या, पन्हळीसाठी. १६४६ देणार नाही.

कातळकडा:
चढाई शनिवारी असेल तर माझा विरोध कायम.

पायवाट:
मंगळवारी आहे. तुमचं पोतं आणि आमचं एक, दोन्ही घेऊन चढू.