ओएई 'पास' आहे, तरी बेरा का सांगितली?

नीलमोहर:
बाळ 35व्या आठवड्यात जन्मलेलं. एनआयसीयूत 11 दिवस, अ‍ॅमिकासिन (कानाला इजा करू शकणारं अँटिबायोटिक) 7 दिवस, कावीळ रक्त बदलण्यापर्यंत गेली. घरी सोडताना दोन्ही कानांचा ओएई (कानात आवाज सोडून आतल्या कानातून परत येणारा बारीक आवाज मोजणारी चाचणी) पास. आता 8 आठवड्यांचं आहे आणि बेरा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू देत असलेला विद्युत प्रतिसाद इलेक्ट्रोड लावून मोजणारी चाचणी) करायला सांगितली आहे. घरी सगळे म्हणतात, ताट वाजवलं की दचकतं, मग कशाला? दोनेक महिने थांबलं तर चालेल का? आणि बेराची तयारी काय करायची?

ध्वनिलहर (ऑडिओलॉजिस्ट):
थांबू नका. ओएई फक्त कानाच्या आतल्या बाह्य केसपेशींचं काम तपासते, त्यापुढची नस तपासत नाही. जास्त चढलेल्या काविळीत नेमका नसेकडचा भाग बिघडतो. त्याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. त्यात ओएई छान येते आणि बेरा सपाट. म्हणूनच 5 दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला नुसत्या ओएईवर सोडायचं नसतं.

ताटाचं म्हणाल तर, मोठा आवाज, हादरा, हाताची हालचाल यातल्या कशानेही बाळ दचकतं. 'स', 'श' ऐकू येतात का, ते ताट सांगत नाही. एका कानाने ऐकणारं बाळही दचकतंच.

चाचणीला जाताना: त्या दिवशी टाळू भरू नका, कपाळाला आणि कानामागे तेल-पावडर नको. इलेक्ट्रोड चिकटत नाहीत, रेझिस्टन्स 5 किलोओहमच्या खाली येत नाही आणि आलेखात नुसता गोंधळ दिसतो. प्रवासात झोपू देऊ नका, दूध तिथे पोचल्यावरच पाजा. या वयात नैसर्गिक झोप पुरते, झोपेचं औषध सहसा लागत नाही. तास-दीड तास धरून चला. (कानात तेल तर एरवीही नको.)

आधीच विचारून घ्या: बेरात क्लिकच्या (टकटक आवाजाच्या) सोबत टोन बर्स्ट (एकेका पट्टीचा छोटा सूर), निदान 500 आणि 2000 हर्ट्झ, करणार का? क्लिकमधून मुख्यतः वरच्या पट्टीचंच कळतं. टिम्पॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारी चाचणी) 1000 हर्ट्झच्या प्रोबने हवी. 6 महिन्यांखालच्या मऊ कानात 226 हर्ट्झचा आलेख फसवतो. आणि बेरात लहरी सापडल्या नाहीत तर आवाजाच्या दोन्ही पोलॅरिटी (उलट-सुलट दिशा) वेगवेगळ्या चालवायला सांगा. अल्टरनेटिंगवर (दोन्ही आलटूनपालटून चालवल्यावर) कॉक्लिअर मायक्रोफोनिक, म्हणजे केसपेशींचा विद्युत प्रतिसाद, एकमेकांत रद्द होऊन दिसेनासा होतो, मग न्यूरोपॅथीचा कागद 'तीव्र बहिरेपण' म्हणून हातात पडतो.

पाटीपेन्सिल (वाचातज्ज्ञ):
एक भर. न्यूरोपॅथी निघाली तर बेराच्या आकड्यावरून श्रवणयंत्र लावायचं नसतं, कारण त्या आकड्याचा ऐकण्याशी मेळ बसत नाही. काविळीनंतरच्या काही बाळांची बेरा पुढच्या काही महिन्यांत सुधारतेही. म्हणून पुन्हा बेरा, बाळ 6-7 महिन्यांचं झाल्यावर वागणुकीवरची (आवाजाकडे वळतं का ते पाहणारी) चाचणी, मग निर्णय. पण थेरपी त्यासाठी थांबवायची नाही. समोर बसून, चेहरा दिसेल असं बोलणं आजपासून.

साधा सेन्सरी दोष (आतल्या कानातल्या केसपेशींचा) निघाला तर उलट घाई हवी. बाळ 3 महिन्यांचं होईपर्यंत निदान, 6 महिन्यांचं होण्याआधी यंत्र आणि थेरपी. यंत्र शिट्टी मारू लागलं की आवाज कमी करू नका, साचा (कानात बसणारा यंत्राचा भाग) बदला. कान वाढतो, पहिल्या वर्षी दोन-तीन महिन्यांत साचा सैल होतो. बॅटरीच्या झाकणाला लॉक हवंच, गिळलेली बटण बॅटरी अन्ननलिका जाळते.

डीईआयसी_ताई:
गाडी अडते ती दोन खोल्यांच्या मधे. बालरोगतज्ज्ञ म्हणतात ईएनटीकडे जा, ईएनटी म्हणतात बेरा करून या, बेराची तारीख दीड महिन्यानंतरची. पहिल्याच दिवशी ठरवा की पुढची तारीख घेऊन देणारा एकच माणूस कोण. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) ते होऊ शकतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली. फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड, बिलिरुबिनचे आकडे, अ‍ॅमिकासिन किती दिवस दिलं, आणि बेराचे आलेख. नुसता शेवटचा एका ओळीचा निष्कर्ष घेऊन परतू नका, दुसऱ्या सेंटरला तो वाचून काहीच कळत नाही.

नीलमोहर:
आभार. आणि बेरा नॉर्मल आली तर फाइल बंद?

ध्वनिलहर:
नाही. रक्त बदलण्याइतकी कावीळ आणि 5 दिवसांपेक्षा जास्त अ‍ॅमिकासिन, दोन्ही असल्याने बाळ 9 महिन्यांचं होईपर्यंत पुन्हा तपासणी. त्याआधी आवाजाकडे वळणं कमी झालं किंवा बडबड थांबली तर तारखेची वाट पाहू नका.