लिनक्सवर वायफाय चालेना? आधी चिप कोणती ते सांगा, मग शिव्या घाला

नौपाडेकर

ठाण्याच्या एका ग्रुपवर घोडबंदर रोडच्या एका सदस्याची पोस्ट फिरते आहे. थोडक्यात अशी: विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले, म्हणून मुलाच्या लॅपटॉपवर लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकली. वायफायचं चिन्हच येत नाही. फुकटची वस्तू अशीच भंगार असायची, नोकरदार माणसाने या फंदात पडू नये. खाली अंगठ्यांचा पाऊस.

चिडलो ते एवढ्यासाठी की आख्ख्या पोस्टमध्ये चिपचं नाव नाही. "गाडी चालत नाही" एवढंच सांगून मेकॅनिकला फोन करतो का आपण?

लॅपटॉपवर नाव कुणाचंही असो, आतलं वायफाय कार्ड दुसऱ्याचं असतं. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळी कार्डं निघतात. त्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आहे की नाही, यावर सगळं ठरतं. इंटेल आपला ड्रायव्हर स्वतः कर्नलमध्ये देते. ब्रॉडकॉमच्या चिप चालवायला लोकांनी आधी चिप कशी वागते ते बघत उलट्या बाजूने अभ्यास करून बी४३ ड्रायव्हर लिहिला, कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर सप्टेंबर २०१० मध्ये दिला आणि तोही मोजक्याच चिपसाठी. रिअलटेकची ८८२१सीई चिप लॅपटॉपमध्ये कधीच येऊन बसली होती, पण मूळ कर्नलमध्ये तिची सोय झाली ५.९ आवृत्तीत, म्हणजे ऑक्टोबर २०२० मध्ये. मग "लिनक्सवर वायफाय चालत नाही" या वाक्याला अर्थ काय उरतो?

टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय -एनएनके' मारा आणि 'नेटवर्क कंट्रोलर' शोधा. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असेल तर ड्रायव्हर बसलेला आहे, मग 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) तक्रार बघा. तिथे 'एरर -२' दिसला तर फर्मवेअरची फाइल डिस्कवर नाही, बस. 'इन यूज'ची ओळच नसेल तर ड्रायव्हर बसलेला नाही. दोन्ही ठीक असेल तर 'आरएफकिल लिस्ट' मारा, वायफाय कुठे अडवून ठेवलंय ते कळतं. सॉफ्ट ब्लॉक असेल तर कमांडने निघतो. हार्ड ब्लॉक असेल तर आधी लॅपटॉपच्या कडेचं बटण नाहीतर फंक्शन की बघा. एवढं केल्याशिवाय व्हिडिओतल्या जुन्या कमांड चिकटवणं म्हणजे नीट चालणारी गोष्टही मोडून ठेवणं. अजून लोक एनडीसरॅपर, म्हणजे विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर चालवायची जुनी क्लृप्ती, टाकायला सांगतात!

घोडबंदर_रहिवासी

पोस्ट माझी आहे, आणि मागे घेणार नाही.

मी बँकेत नोकरी करतो. सकाळी ठाणे स्टेशन गाठायला दीड तास आधी घर सोडतो. रात्री घरी आल्यावर मला चिपची जन्मपत्रिका काढायची नाही. याच लॅपटॉपवर विंडोजमध्ये वायफाय चालत होतं, त्याच कार्डावर. कार्डात दोष नाही, मग राहिलं काय?

आणि मेकॅनिकचं म्हणाल तर, मेकॅनिक मला इंजिनचा नंबर विचारत नाही. तो स्वतः बॉनेट उघडतो.

ऐरोलीकर

रहिवासी साहेबांशी पूर्ण सहमत. मी माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये दिवसभर लिनक्स सर्व्हरच बघतो, त्यामुळे लिनक्सद्वेष्टा म्हणू नका. सर्व्हर तारेवर चालतात, तिथे लिनक्सला तोड नाही. घरच्या लॅपटॉपवर वायफाय, झोपेतून उठणं, ब्लूटूथ या तीन जागी अजून माणसाला राबावं लागतं. नौपाडेकर म्हणतात की दोष चिपवाल्याचा. असेल. पण घरच्या माणसाला दोष कुणाचा यापेक्षा नेट मिळालं की नाही हे महत्त्वाचं. मुलाचं सबमिशन दुसऱ्या दिवशी असतं.

नौपाडेकर

सबमिशन अडलं असेल तर फोन यूएसबीने लावा आणि टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) सुरू करा. अँड्रॉइड फोन लिनक्सला थेट नेटवर्क कार्डासारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, मोबाइल डेटाही जळत नाही. हे कुणी सांगितलं त्या ग्रुपवर? "परत विंडोज टाका" सोडून एकही सल्ला नव्हता.

मुक्तस्रोत_पनवेल

फर्मवेअर "बस" टाका म्हणे. ते फर्मवेअर बंद असतं, आत काय चालतं ते तुम्ही वाचू शकत नाही, याचं कुणाला काहीच नाही. डेबियन हे लिनक्सचं वितरण इतकी वर्षं ते अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवून होतं. २०२२ मध्ये मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून तेही आत आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाईट वाटलं. एथेरॉसची जुनी कार्डं एटीएच९के ड्रायव्हरवर फर्मवेअर फाइलशिवाय चालायची, आजही चालतात. लोकांनी तशी कार्डं मागितली असती तर कंपन्या वठणीवर आल्या असत्या.

ऐरोलीकर

साहेब, मागायची कुणाकडे? दुकानात कार्डाची चिप विचारली तर विक्रेता तोंडाकडे बघतो. वाय-फाय आहे, ब्लूटूथ आहे, बॅग फ्री आहे, एवढंच कळतं.

कळवा_रिपेअर

मी रोज ही मशिनं उघडतो, म्हणून थोडं.

एक, ड्युअल बूट असेल, म्हणजे एकाच मशिनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, कार्ड अर्धवट अवस्थेत सोडून जातं आणि लिनक्सला ते उठवता येत नाही.

दोन, कार्ड बदलायचं तर डोळे उघडे ठेवून बदला. लॅमिंग्टन रोडवरून लोक इंटेल एएक्स२०१ घेऊन येतात कारण स्वस्त पडतं, आणि एएमडीच्या लॅपटॉपमध्ये घालतात. ते चालणारच नाही. एएक्स२०१ आणि एएक्स२११ मध्ये अर्धं काम प्रोसेसरच्या आत असतं, ते ठरावीक इंटेल प्रोसेसरबरोबरच चालतात. एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या, ती पूर्ण कार्डं आहेत. जुन्या काही लॅपटॉपमध्ये बायोस (मशिन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) फक्त यादीतलंच कार्ड स्वीकारतो, तेही आधी बघा. आणि अँटेनाच्या त्या दोन बारीक तारा नखाने ओढू नका. टोपी सरळ वर उचलायची. वाकली की गेली.

तीन, आणि यावर कुणी बोलत नाही. घोडबंदरच्या टॉवरमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर उभं राहायला जागा नाही. एकमेकांना न घासणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. मजल्यावर जितकी दारं तितके राउटर. अर्धी गिऱ्हाइकं "लिनक्समध्ये नेट स्लो" म्हणून येतात आणि लॅपटॉप २.४ ला चिकटलेला असतो. भारतात ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये विनापरवाना झाला, तो वापरा. 'आयडब्ल्यू रेग गेट'मध्ये देश ०० दिसला तर 'आयएन', म्हणजे भारत, करा. ०० असताना बऱ्याच ५ गिगाहर्ट्झ चॅनेलवर लॅपटॉप स्वतःहून हाक मारत नाही, नुसता कान देऊन बसतो.

घोडबंदर_रहिवासी

स्लो नाहीये हो. दिसतच नाहीये.

वाशी_से१७

एवढी चर्चा कशाला? बायोसमध्ये जा, सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारं कुलूप) बंद करा, ड्रायव्हर आपोआप चालू होतो. मी सगळ्यांना हेच सांगतो.

सीवूड्सची_ताई

कृपा करून हा सल्ला सरसकट देणं थांबवा! माझ्या भाचीला एका ओळखीच्याने हेच सांगितलं. तिच्या लॅपटॉपवर विंडोजही होतं आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती. तिला ते माहीतही नव्हतं, विंडोजने आपणहून केलेलं. सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोजने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. की ज्या खात्यात होती त्याचा पासवर्ड कुणाला आठवेना. त्यात तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. पोर दोन दिवस जेवली नाही.

वाशी_से१७

ताई, बॅकअप नव्हता हा सिक्युअर बूटचा दोष नाही. आणि परत चालू केलं असतं तर विंडोज मुकाट उघडलं असतं.

सीवूड्सची_ताई

हे "परत चालू केलं असतं तर" त्या ओळखीच्याने सांगितलं नव्हतं, तुम्हीही वर सांगितलं नाहीत. "बंद करा" एवढंच. घाबरलेली मुलगी बायोसमध्ये परत जाऊन काय काय बदलेल याची खात्री कोण देणार?

माझा क्लास आहे, म्हणून मूळ दुखणं सांगते. सरकारी नोकरीला लागणारा संगणक कोर्स केलेली मुलं माझ्याकडे येतात. त्यांना मेनू पाठ असतो, बायोस म्हणजे काय ते कुणी दाखवलेलं नसतं. केरळच्या सरकारी शाळा उबुंटूवर बेतलेल्या प्रणालीवर वर्षानुवर्षं चालतात. तिथली मुलं चालवतात, आपल्या मुलांना काय धाड भरली आहे? शिकवतच नाही आपण.

ऐरोलीकर

ताई, केरळच्या शाळेत ड्रायव्हरची काळजी घ्यायला यंत्रणा आहे. घोडबंदरला रहिवासी साहेब एकटे आहेत.

मुक्तस्रोत_पनवेल

सिक्युअर बूटची किल्ली मायक्रोसॉफ्टच्या हातात आहे हा खरा प्रश्न. आपला लॅपटॉप, आपले पैसे, आणि लिनक्स सुरू व्हायला त्यांची सही लागते.

वाशी_से१७

म्हणूनच म्हणतो बंद करा! आता तरी पटलं?

सीवूड्सची_ताई

पटलं नाही. स्वतःची किल्ली नोंदवता येते, ती सोय आहे. ती शिकवा ना. कुलूप अडतं म्हणून दारच काढून टाकायचं का?

नौपाडेकर

ताईंचं बरोबर. वाशीकर, दुसऱ्याच्या मशिनवर काय आहे हे न विचारता बायोस बदलायला सांगणं ही बेजबाबदारी आहे, आणि हे मी सौम्य शब्दांत सांगतोय.

रहिवासी साहेब, इतके प्रतिसाद झाले, चिपखालच्या ओळी तुम्ही अजूनही दिलेल्या नाहीत. देणार आहात का?

घोडबंदर_रहिवासी

घ्या. मुलाने काढून दिलं. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' नाहीये. 'कर्नल मॉड्यूल्स' अशी ओळ आहे आणि तिथे नाव आहे. मुलाने तेच नाव 'मॉडप्रोब'ला, म्हणजे ड्रायव्हर बसवायच्या कमांडला, दिलं तर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस', म्हणजे किल्ली नाकारली, असं आलं. इन्स्टॉल करताना थर्ड पार्टी ड्रायव्हरवर टिक केली होती, ते तरी बरोबर केलं ना?

नौपाडेकर

टिक बरोबर होती. तेव्हा एक पासवर्ड मागितला असेल. पहिल्यांदा रीस्टार्ट झाल्यावर निळा स्क्रीन आला होता का?

घोडबंदर_रहिवासी

आला होता. 'कंटिन्यू बूट' सगळ्यात वर होतं, एंटर मारलं. दुसरं काय मारणार?

नौपाडेकर

सापडलं. तुमचा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा आहे, तो तुमच्याच मशिनवर तयार होतो आणि तिथेच बनलेल्या किल्लीने त्यावर सही होते. सिक्युअर बूट चालू असल्याने ती किल्ली एकदा मशिनमध्ये नोंदवावी लागते. तो निळा स्क्रीन त्यासाठीच होता. 'कंटिन्यू बूट' म्हटलं की नोंदणी न होता तो निघून जातो आणि पुन्हा आपणहून येत नाही.

आता 'सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डीईआर' मारा. नवा पासवर्ड मागेल, साधाच द्या, एकदाच लागतो. रीस्टार्ट करा. निळा स्क्रीन आला की कुठलीही की लगेच दाबा, थोडेच सेकंद थांबतो. मग 'एनरोल मोक' (मोक म्हणजे मशिनच्या मालकाची किल्ली), 'कंटिन्यू', 'येस', तोच पासवर्ड, 'रीबूट'. बायोसला हात लावायचा नाही.

कळवा_रिपेअर

आणि पासवर्डमध्ये चिन्हं नकोत. त्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचाच असतो.

घोडबंदर_रहिवासी

चालू झालं. मुलगा खूश आहे. भंगार हा शब्द मी पोस्टमधून काढतो.

बाकीचं काढणार नाही. इतक्या महत्त्वाच्या ठिकाणी पहिला पर्याय चुकीचा ठेवायचा, "हे केलं नाहीत तर वायफाय चालणार नाही" अशी एक ओळही लिहायची नाही, आणि मग मला म्हणायचं की तुम्ही चिपचं नाव सांगितलं नाहीत. ते नाव कुठे बघायचं हे तुम्ही सांगेपर्यंत मला माहीत कसं असणार?

ऐरोलीकर

हेच मी पहिल्यापासून म्हणत होतो.

नौपाडेकर

निळ्या स्क्रीनबद्दल तुमचं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. पण नोकरदाराने या फंदात पडू नये हे अजूनही मान्य नाही. तुमच्या मुलाने 'मॉडप्रोब' स्वतः चालवून तक्रारीचे नेमके शब्द आणून दिले, म्हणूनच हे सुटलं. ती निळ्या स्क्रीनची तक्रार त्यालाच तुमच्या लिनक्स वितरणाच्या बग ट्रॅकरवर (दोष नोंदवायच्या जागी) लिहू द्या, तुम्ही वर लिहिलीत तशीच.

त्याला एवढं सांगा: कर्नलचे हेडर पॅकेज (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाइली) काढू नकोस, नाहीतर पुढच्या अपडेटला ड्रायव्हर नव्याने बनणार नाही. किल्ली परत नोंदवावी लागणार नाही. जुना कर्नल ग्रबच्या, म्हणजे मशिन सुरू होतानाच्या, यादीत राहू दे. कधी अडलं तर तिथून चालू करून 'डीकेएमएस स्टेटस' (ड्रायव्हर बनला की नाही ते सांगणारी कमांड) काय म्हणतं ते इथे टाक.

वाशी_से१७

सिक्युअर बूट बंद करून यातलं काहीच करावं लागलं नसतं.

सीवूड्सची_ताई

त्यांच्या डिस्कला कुलूप होतं की नव्हतं, हे तुम्ही अजूनही विचारलेलं नाही.