उभी आकृती कलंडते तेव्हा आधी मान ते घोटा बघा

माणसांची चित्रं काढायला शिकणाऱ्या एकीला इथे सल्ला दिलाय की आधी साडेसात डोक्यांचं माप (म्हणजे उभ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पट) घोटून घे मग बाकीचं, तो मला अर्धाच पटला. माप हवंच, मोठ्या माणसाचा मध्य जांघेपाशी येतो एवढं जरी डोक्यात बसलं तरी पाय आखूड व्हायचे थांबतात. पण तिची आत्ताची चित्रं बघितली तर माप बऱ्यापैकी बरोबर आहे आणि तरीही उभी माणसं एका बाजूला कलंडल्यासारखी दिसतात, म्हणजे अडचण मापाची नाहीये, वजनाची आहे.

यावर अजून कोणी बोललं नाही म्हणून सांगते. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर गळ्याखालच्या खळग्यातून सरळ खाली रेघ सोडायची, ती भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ यायला हवी. त्याच पायाच्या बाजूचं कंबरेचं हाड वर उचललं जातं आणि बहुतेक वेळा त्या बाजूचा खांदा खाली येतो, त्यामुळे बरगड्या आणि कंबर यांच्यामधली जागा तिथे दाबली जाते, कातडीला घडी पडते, आणि दुसऱ्या बाजूला तीच जागा ताणलेली दिसते. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना मी चेहरा, बोटं काहीही काढायच्या आधी एवढ्या तीनच रेघा मारायला लावते, खांद्याची, कंबरेची आणि ही उभी, आणि खरंच सांगते, आकृतीत लगेच जीव येतो. तिने भिंतीला टेकलेलं किंवा चालणारं मॉडेल मात्र इतक्यात घेऊ नये, तिथे ही रेघ लागू पडत नाही.